हिरवी बिस्किटं

पोर्टलंड, ओरेगन
२ नोव्हेंबर

ती. सासूबाई व्हर्डेल यांना मारेनचा सा. न. वि. वि.

नाताळला आम्ही तिघं जॉर्जियाला यावं म्हणतोय, पण प्रश्न एबनच्या जिवाचा आहे. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी पोराचा घसा सुजतो. चिमूटभरानं काही होत नसतं, असं गेल्या खेपेला मामंजी म्हणाले आणि ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. घरातून दाणे हद्दपार झाल्याशिवाय मी त्याला आणणार नाही. राग मानू नका.

सोबत बदाम, भोपळ्याच्या बिया आणि सूर्यफुलाच्या बिया वाटून केलेल्या बटरच्या बरण्या पाठवतेय. साखर नाही, मीठ नाही. यानं हृदय, त्वचा आणि मन तिन्ही शांत राहतात, असं आमच्या योगवर्गात सांगतात. एबनला सूर्यफुलाचंच आवडतं. त्याची बिस्किटं करून पाठवाल का? मग येण्याचं बघू.

लोभ असू द्या, दाणे नकोत.
तुमची मारेन

टिलर्सविल, जॉर्जिया
१६ नोव्हेंबर

चि. सौ. मारेन हिला अनेक आशीर्वाद.

बरण्या पोचल्या. बदामाच्या बरणीत वर तेल तरंगत होतं. नासलं वाटून मी ते फाटकाच्या बिजागरीला घातलं. फाटक आता गुमान उघडतं. खाली उरलं त्याचा झाला दगड. तुझ्या सासऱ्यांनी हौसेनं घास घेतला आणि कवळी त्यातच रुतून बसली. मन शांत होतं म्हणतेस ते खरं गं, अर्धा तास त्यांना बोलताच आलं नाही. भोपळ्याचं बटर बघून नणंदबाई ओटलीन म्हणाल्या, असलं आम्ही खेचरांच्या खुरांना लावायचो.

घर मात्र धुऊन काढलंय. दाण्याच्या साऱ्या बरण्या चर्चला दिल्या. जन्मभर भुईमूग पिकवलेला माणूस आता कोठारात अंघोळ करून, कपडे बदलून घरात येतो. कोलाच्या बाटलीत खारे दाणे टाकून प्यायचे, तेही बंद. गाव हसतंय, हसू दे. बिस्किटांचा डबा आजच टपालात टाकला.

माया आहेच, थोडी इकडेही येऊ दे.
व्हर्डेल

टिलर्सविल
१७ नोव्हेंबर

चि. सौ. मारेन हिला आशीर्वाद.

घाईत लिहितेय. तो डबा उघडू नकोस! काल खरपूस निघालेली बिस्किटं आज मोडून बघते, तर आतून हिरवीगार! नणंदबाई म्हणतात, बुरशी. तुझे सासरे दोन खाऊन बसलेत आणि धडधाकट आहेत, पण त्यांचं काय, ते खिळेही पचवतील.

भांडी घासघासून घेतली होती गं, काय चुकलं कळत नाही. फोनवर रडू फुटेल, म्हणून तातडीच्या टपालानं कळवते. माझ्या हातून लेकराला काही झालं तर मी जगायची नाही. तुम्ही येऊच नका. एबनला बघायला जीव तुटतो, पण तो तिकडे सुखरूप राहू दे.

तुमची अभागी
व्हर्डेल

पोर्टलंड
२१ नोव्हेंबर

ती. सासूबाईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच डबा उघडला होता. खरं सांगते, तो एबनला द्यायचा नव्हताच, कचऱ्यात टाकायचा होता. सुनेची थेरं म्हणून तुम्ही गुपचूप दाण्याचंच बटर घातलं असणार, अशी माझी खात्री. टाकण्यापूर्वी एक मोडून पाहिलं. आतून हिरवं!

अहो, ती बुरशी नाही. सूर्यफुलाच्या बटरमध्ये खाण्याचा सोडा पडला की बिस्किट गार होता होता हिरवं पडतं. दाण्याचं कधीच पडत नाही. हे सांगायचं मीच विसरले. ते बिस्किट हातात धरून मी ओट्याशी उभी राहून रडले. फार लाज वाटली मला माझी.

एबननं डबा फस्त केला. डायनासोरची बिस्किटं म्हणतो. तिकिटं काढलीत, तुमच्याकडेच उतरू. आणि बदामाचं तेल ओतायचं नसतं, ढवळायचं असतं, हेही सांगायचं राहिलंच. मामंजींच्या कवळीची मी माफी मागते.

लोभ ठेवा. बिस्किटं मात्र हिरवीच करा.
तुमची मारेन