चोवीसशे अधिक बत्तीसशे

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१५

आजपासून तीन आठवडे घरी. कारखान्यात (पुठ्ठ्याचे खोके, मी पॅकिंगचा सुपरवायझर) सरकत्या पट्ट्यांचा वेग मी स्वतःच्या डोक्याने वाढवला आणि खोक्यांचा ढीग छताला टेकला. दुरुस्ती होईपर्यंत मी तिकडे फिरकू नये असं साहेबांना वाटतं. काळजी आहे त्यांना माझी.

निश्चय: सकाळी फिरणं. गोड बंद. उरलेला वेळ घरच्यांसाठी.

दुपारी ३.००

फिरायला जाणं राहिलं. बूट सापडले, मोजे नाहीत.

बायको घरातूनच कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढते. सध्या शाळेचा नकाशा. दोन मजले, बारा वर्ग. वीस तारखेला आर्किटेक्टबाई तो मंजुरीला नेणार. मंजूर झाला की पुढच्या तीन शाळांचं काम हिलाच. बारा वर्षं ही लोकांच्या बाल्कन्या आणि संडास काढतेय, शाळा पहिल्यांदाच मिळाली. म्हणून शेजारी बसून पाहिलं. नकाशाचा प्रोग्रॅम उघडायला एक्केचाळीस सेकंद! घड्याळ लावून मोजले. तेवढ्यात ती पाणी पिऊन येते. म्हणाली, तेवढंच उठणं होतं. बिचारी. तोंडाने बोलत नाही, पण मला कळतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बायको बाजारात गेल्यावर कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत रॅमची एकच पट्टी, आणि शेजारची खाच रिकामी! पट्टीवर लिहिलंय २४००. हा तिचा वेग. इतकी वर्षं त्याला अर्धपोटी राबवलं आपण.

एक स्क्रू उरला. जास्तीचा असावा.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात गेलो. चोवीसशेची पट्टी आता मिळत नाही, बत्तीसशेची आहे. उत्तमच. २४०० अधिक ३२०० म्हणजे ५६००. साधी बेरीज. दुकानदाराचं गणित मात्र कच्चं. म्हणाला, साहेब, दोन वेगांच्या पट्ट्या शेजारी लावल्या की दोन्ही कमी वेगाने चालतात, आणि कधी कधी पटतच नाही त्यांचं. लावायच्या तर दोन्ही सारख्या लावा. त्याला दोन विकायच्या होत्या, हे शेंबडं पोरही सांगेल. मी म्हटलं, चांगली संगत मिळाली की मंद माणूसही सुधारतो. म्हणाला, रॅमला संगत लागत नाही. दृष्टीच नाही माणसाला.

बत्तीसशेची एकच घेतली.

५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १.००

बायको आंघोळीला गेल्याबरोबर पट्टी बसवली. अकरा मिनिटांत. कॉम्प्युटर सुरू झाला! प्रोग्रॅम चव्वेचाळीस सेकंदांत उघडला. म्हणजे आधीपेक्षा तीन सेकंद उशिरा, पण घरात नवं माणूस आलं की चार दिवस अवघडल्यासारखं होतंच.

बायकोला सरप्राइज म्हणून सांगितलं. म्हणाली, अहो, वीस तारखेनंतर नसतं का चाललं? भारावून गेली.

७ फेब्रुवारी, शनिवार

बेचाळीस सेकंद. रुळतायत.

मुलीने (कॉलेजात केमिस्ट्री शिकते) स्क्रीनवर कुठेतरी बघून सांगितलं की दोन्ही पट्ट्या चोवीसशेनेच चालल्यात. हुशार पट्टीला मंद पट्टीसाठी थांबावं लागतंय. म्हणाली, बाबा, तुम्ही आणि आई फिरायला गेलात की आई थांबते ना, तसं. उदाहरण चुकीचं आहे. मी थांबतो ते दृश्य बघायला.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.३०

दोष जागेचा होता. हुशार पट्टी मागे आणि मंद पट्टी पुढे बसवली होती. मग ती पुढे जाणार कशी? अदलाबदल केली. आता हुशार पुढे.

दुपारी १२.००

कॉम्प्युटर सुरू होत नाही. फक्त तीनदा ‘पीं’ करतो. बायको डोक्याला हात लावून बसली. मी म्हटलं, तो काहीतरी सांगतोय. म्हणाली, मलाही सांगायचंय, पण मुलगी घरात आहे.

दुपारी १२.४०

पट्ट्या काढून पुन्हा दाबून बसवल्या. चालू! विचारांती हुशार पट्टी मागेच ठेवली आहे. मागून ढकलेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

मंद पट्टी गार पडली असावी अशी शंका. मुलीचा केस वाळवायचा ड्रायर लावून दोन मिनिटं ऊब दिली, अंग मोकळं व्हावं म्हणून. बत्तीसशेवर टेबलफॅन सोडला, ती तापट असणार. दोघींचा मध्य साधायचा. बायकोचे कागद पंख्याने खोलीभर उडाले. त्यात तळमजला सोफ्याखाली गेला. मी शोधून दिला. आभार मानले नाहीत, पण घाईत होती.

फिरणं: नाही. गोड: एकदा (मानसिक श्रम).

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठा शोध. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो आणि तिथे रॅमचा वेग आपणच ठरवू शकतो! इतके दिवस कोणी सांगितलं नाही. दोघींना सरळ ३२०० लिहून दिलं. मंद असो वा हुशार, वरिष्ठांची ऑर्डर आली की पळावंच लागतं.

प्रोग्रॅम चौतीस सेकंदांत!! दारात येऊन दुकानदाराच्या नावाने ओरडावंसं वाटलं. त्याचं नाव माहीत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कॉम्प्युटर काम चालू असताना मधेच स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आज सहा वेळा. बायकोचे चार वर्ग आणि मुलांचं स्वच्छतागृह गेलं, पुन्हा काढलं. आता दर पाच मिनिटांनी सेव्ह करते. ही शिस्त तिला आधी नव्हती. माझ्यामुळे लागली.

कारणं: (१) वीज. (२) धूळ. (३) मुलांचं स्वच्छतागृह फार गुंतागुंतीचं काढलंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आर्किटेक्टबाईंचा फोन. बायको म्हणत होती की मशीनची तब्येत बरी नाही. बाई म्हणाल्या असाव्यात की आमच्या ऑफिसात एक टेबल रिकामं आहे, येऊन करा. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच ‘नको, नको’ केलं. घरचं माणूस घरात हवं, विशेषतः जेव्हा मी सुट्टीवर आहे. तिने फोनवर सांगितलं, बघते.

मग मला म्हणाली की ती नवी पट्टी काढून टाका, मला जुनंच बरं होतं. हळू चालायचं, पण चालायचं. मी शब्द दिला: कॉम्प्युटरला हात लावणार नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हात लावला नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लावला नाही. पट्टी काढायलासुद्धा नाही, कारण शब्द म्हणजे शब्द. बायको म्हणाली, काढून तरी टाकायची होती! बायकांना नेमकं काय हवं असतं, कळत नाही.

आज नऊ वेळा बंद पडला. नकाशा बराच झालाय. फक्त जिना राहिला. आधीचा तिला पसंत नव्हता, पायऱ्या लहान मुलांना उंच होत होत्या म्हणे. पुसून टाकला. उद्या नवा काढणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ८.००

कॉम्प्युटर सुरूच होईना. बायको खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होती. रडत नव्हती, पण त्याच्या अलीकडचं काहीतरी होतं. मला पाहवेना. पुढे झालो. आत बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो. तो काढून पाच मिनिटांनी परत बसवला की सगळं विसरून नव्याने सुरू होतो, असं मुलीने वाचून सांगितलं.

सकाळी ८.३०

सुरू झाला! वेग पुन्हा चोवीसशे. चला, तूर्त माघार. कोपऱ्यात तारीख मात्र २०१५ सालची दिसतेय. मुलगी कॉलेजला जाताना म्हणाली, बाबा, तारीख नीट करून घ्या हं. मी म्हटलं, नकाशाचा तारखेशी काय संबंध? शाळा ती शाळा.

दुपारी ४.००

नकाशा पूर्ण! जिना फार देखणा झालाय. लहान पायऱ्या, मधे मोठी वळणाची जागा, कठडा. दिवसभरात एकदाही बंद पडला नाही. बायको उठली तर पाठ सरळ होईना. म्हणाली, जरा पडते, एवढी फाईल बाईंना पाठवाल? आत्ता लगेच पाठवा. आत्ता.

किती दिवसांनी काहीतरी सोपवलं तिने.

संध्याकाळी ५.४०

पाठवली. मधे थोडा वेळ गेला, कारण प्रोग्रॅम उघडायचा वेळ पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढली. एक्केचाळीस. बरोबर पहिल्याइतकी. म्हणजे निदान नुकसान तर काही झालं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९.३०

आर्किटेक्टबाईंचा फोन. शाळेला जिना नाही.

सकाळी ९.५०

उलगडा झाला. आमचा कॉम्प्युटर रोज पाच वाजता प्रत्येक फाईलची प्रत दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीशी ताडतो. जिची तारीख नंतरची ती खरी मानतो, दुसरी पुसतो. जिना असलेल्या नकाशावर तारीख २०१५. जिना नसलेल्यावर परवाची. मशीनने आपल्या बुद्धीप्रमाणे बरोबर केलं. चार वाजता पाठवली असती तर जिना गेला असता, हे खरं. म्हणजे जिना जागेवर राहिला असता. काय म्हणायचंय ते कळलंय.

मी म्हटलं, वरच्या मजल्यावर मुलं गेलीच नाहीत तर पडणारही नाहीत. बायकोने पर्स घेतली, चपला घातल्या आणि रिक्षा थांबवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी ४.३०

बाईंच्या ऑफिसात बसून तिने चार तासांत जिना पुन्हा काढला. तीन वाजता नकाशा मंजुरीला गेला. मुलीला फोन करून कळवलं. मला मुलीने कळवलं.

निश्चय: सबंध घर आवरणं. नवी पट्टी काढणं. दोन्ही सारख्या आणणं. माफी मागणं (शब्द जुळवायला हवेत).

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुकानदाराकडून बत्तीसशेच्या दोन सारख्या पट्ट्या बसवून आणल्या. सेल नवा घातला, तारीख आजची. त्याने जुनी पट्टी निरखून पाहिली. फक्त ड्रायर कुणी लावला होता, हे विचारलं. मी म्हटलं, मुलगी केमिस्ट्रीला आहे.

प्रोग्रॅम बारा सेकंदांत उघडतो. बारा! बायकोला हाक मारून दाखवलं. छान आहे म्हणाली. मग माफी मागितली. जुळवलेले शब्द ऐन वेळी आठवले नाहीत, नुसतंच ‘चुकलं माझं’ म्हणून झालं. ती म्हणाली, माहितेय. मग चहा केला तिने, दोघांना. आणि चहा पिताना सांगितलं की नकाशा मंजूर होईल असा निरोप आहे, पुढच्या तीन शाळांचं काम मिळालं, आणि सोमवारपासून ती बाईंच्या ऑफिसात बसून काम करणार आहे. नऊ ते सहा.

मी म्हटलं, पण आता बारा सेकंद! म्हणाली, हो ना. तुम्ही वापरा.

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.००

घरात कुणी नाही. कारखान्यातून निरोप: आणखी एक आठवडा विश्रांती घ्या.

नकाशाचा प्रोग्रॅम उघडला. बारा सेकंद. बंद केला. पुन्हा उघडला. बारा. एक चौकोन काढून पाहिला. त्याचं पुढे काय करायचं ते सुचलं नाही.

दुपारी १.२०

बायकोला फोन केला. जेवत होती. आवाज मोकळा वाटला. मागे कुणीतरी हसत होतं, तीही हसत होती. विचारलं, तिथला कॉम्प्युटर कसा आहे? म्हणाली, जुना आहे हो, उघडायला चांगलं मिनिटभर घेतो, तेवढ्यात आम्ही सगळ्याजणी गप्पा मारतो.

मिनिटभर! मी म्हटलं, मी येऊन बघू का जरा?

फोन कट झाला. तिकडे रेंज नसते वाटतं.