पहिल्या नंबरची जीप

हरसूल, ता. ६ जानेवारी

चि. संजना हिस आजीचा जयभीम. अ. आ. वि. वि.

पत्र अंगणवाडीची दीपमाला लिहून देतेय. फोन तू रागाने मध्येच ठेवतेस. कागद पुरता वाचावा लागतो.

तुझा बाप गेल्यापासून त्याची नाशिकच्या सवाऱ्यांची जीप गोठ्यात उभी आहे. ज्या सीटवर बसून तू गाडी शिकलीस, तिच्यावर कोंबडी अंडी घालते. ती बसल्या जागी काहीतरी देते तरी. तू नाशिकला अंबडच्या कारखान्यात नट मोजतेस, दर दिवाळीला सांगतेस की मला जीपच चालवायचीय, आणि कारखान्याची बस आली की गपगार चढतेस. मीही घाटाला भिते, जन्मात जीपने घाट चढले नाही. पण मी कुणाला चढते म्हणून सांगत फिरत नाही.

तुझ्या झुंबरकाकाने गिऱ्हाईक आणलंय. मी म्हणाले, विक. दीपमाला म्हणते, असं लिहू नये. लिही म्हटलं.

लोभ आहे, तुझ्या कामाचा दिसत नाही.
नवसाबाई (अंगठा)

अंबड, ता. २२ जानेवारी

ती. आजीस संजनाचा जयभीम. वि. वि.

तुझ्या टोमण्यांपायी नोकरी सोडली. झालं समाधान? परवा बाजारात जीप लावली, तेव्हा तू शेवग्याच्या शेंगा विकत बसली होतीस. मान वर केली नाहीस. स्टँडवर गाड्यांचे नंबर लावणारा बारकू ड्रायव्हर म्हणाला, ताई, पाहुण्या आहात, पहिला नंबर तुम्हीच घ्या. सगळे हसले. बाया माझ्यापर्यंत यायच्या, स्टिअरिंगवर मला बघायच्या आणि मागच्या जीपकडे वळायच्या. सरुबाईने तर विचारलं, ड्रायव्हर कुठे गेला? शेवटी रिकामी गाडी गोठ्यात लावून बारकूच्याच जीपने नाशिकला आले.

मला भीती वाटते, आजी. एक तारखेला साहेबांना परत घ्या म्हणणार आहे. जीप विकून टाका.

त्या दिवशी तुझा लोभ कुठे होता, तेवढं कळव.
संजना

हरसूल, ता. २५ जानेवारी

चि. संजना हिस अ. आ. वि. वि.

लोभ शेंगा विकत होता. साहेबापुढे एक तारखेला रड, आधी येत्या बाजाराला ये आणि बारकूकडे पहिलाच नंबर माग. तो हसेल. तुझ्या बापाच्या स्टँडचा नियम मला ठाऊक आहे: नंबराच्या गाडीत एक जरी सवारी बसली, तर ती गाडी भरल्याशिवाय मागची सुटत नाही. हसण्याच्या नादात ते हे विसरले.

पत्र बारकूच्याच जीपने धाडतेय. पोचव मेल्या, म्हटलं.

आलीस तर लोभ, नाहीतर कोंबडी आहेच.
नवसाबाई (अंगठा)

अंबड, ता. २८ जानेवारी

चि. झुंबर यास आईचे आशीर्वाद. वि. वि.

आई कुठे गेली म्हणून बाजारभर फिरला असशील. अक्षर ओळखलंस ना? जिची जीप विकायला निघालास, तीच लिहितेय.

काल हिने पहिला नंबर घेतला, तशी मी शेंगांची पाटी उचलली आणि हिच्या जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. बारकू म्हणाला, आजी, उतरा, मागच्या गाडीत जागा आहे. मी म्हणाले, "सवारी बसलीय. आता नियम मोड आणि दाखव."

मागे सगळ्या जिपा अडकल्या. ड्रायव्हरांनी मला नाही नाही ते ऐकवलं. मीही एकेकाच्या आईचं नाव घेऊन विचारलं, हेच शिकवलं का तिने? बाजार उन्हात ताटकळला. शेवटी बारकूच खेकसत सुटला, बसा बाई त्या पोरीच्या गाडीत, आमचा धंदा बुडतोय. सरुबाईला त्यानेच आत ढकललं.

जीप भरली. मला उतरायचं होतं, पण उतरले असते तर जागा रिकामी आणि पुन्हा तोच नियम. डोळे मिटून बसले. घाटात एकदाच उघडले. ही वळण घेता घेता गुणगुणत होती. कारखान्यात लागल्यापासून हिचं असं तोंड मी पाहिलं नव्हतं. हे लिहायला ही तयार नव्हती. लिही म्हटलं.

गिऱ्हाइकाला नाही सांग. कोंबडीला टोपली दे. मी हिच्याच गाडीने परत येते, डोळे मिटून.

नाशिकला उतरताना हिने सगळ्यांसारखं माझ्यापुढेही भाड्याला हात केला. मी शिव्या दिल्या आणि भाडंही दिलं.

लोभ असो नसो, गोठा मोकळा ठेव.
नवसाबाई (अंगठा)