नऊ तासांचं विमान

दादा,

पत्रात आधी नमस्कार लिहितात. तो वहिनीला सांग.

आईचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा मी निघतो म्हणालो, तर तू म्हणालास, "एवढ्या लांबून कशाला तडफडतोस? तू पोचेपर्यंत ती चालायला लागेल." मी ऐकलं. आता आई राहते ते घर विकायला माझी सही हवी, तर म्हणतोस, "नऊ तासांचं तर विमान! सकाळी उतर, सही कर, रात्री परत जा." विमान तेच आहे, दादा. मी इथे विमानतळावरच फरशी बसवतो, रोज त्याला उडताना बघतो. मला शिकवू नकोस.

काल आईला विचारलं, "घर गेल्यावर राहणार कुठे?"

"दादा म्हणतो, आधी मावशीकडे, मग बघू. तू भांडू नकोस हं."

मग बघू म्हणे! सही मी करणार नाही. काकांना मध्ये घाल नाहीतर वकिलाला. मुकादम रजा देईना, म्हणून त्याच्या टेबलावर थापी ठेवून आलोय. तिकीट फक्त जायचं काढलंय. आईजवळ राहणार, त्याच घरात.

हे पत्र टाकत नाही. ते पोचायच्या आत मीच दारात असेन.

तुझाच धाकटा, निम्म्या घराचा मालक