दगडाची तोंडं

निपाणी, मंगळवार, १० फेब्रुवारी

कळलं एकदाचं नाव. बेळगावच्या दुकानदारानं बिननावाचंच गळ्यात मारलेलं माझ्या माशांच्या टाकीतलं ते नारंगी प्रवाळ सन कोरल निघालं.

टाकीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्यांनी सांगितलं होतं, कोळंबीचा तुकडा धरून बघ, तोंडं उघडली तर तेच. आमच्या जैनाच्या घरात कोळंबी! आइस्क्रीमच्या डब्यात लपवून आणली. आप्पा दिवस मावळायच्या आत जेवून रोजच्यासारखे टाकीसमोर खुर्चीत बसलेले. पाहुण्यांना हौसेनं हे प्रवाळ 'दगडाची फुलं' म्हणून दाखवायचे ते. उठेपर्यंत थांबायचं ना! मला कुठला धीर? चिमट्यानं तुकडा धरला आणि सगळी तोंडं उघडली.

"काय घातलंस रं त्यात?"

"कोळंबी." खोटं का नाही बोललो?

"म्हंजे हे जित्तं हाय? मांस खातंय?"

जन्मभर तंबाखू विकताना कुठं गेलती ही अहिंसा, अगदी ओठावर आलतं. गिळलं.

आप्पांनी खुर्ची भिंतीकडं फिरवली. "आणलंयस तर उपाशी मारू नगंस. मला तेवढं दाखवू नगं."

ग्रुपवर शाबासकीचे अंगठे येतायत. चुलीत गेलं ते नाव. टाकीतली तोंडं अजून उघडीच आहेत. आप्पांसमोरच्या भिंतीवर साधं कॅलेंडरसुद्धा नाही, तरी तिकडंच बघत बसलेत.