कोयत्याचं पातं

गुरुवार, संध्याकाळ. मुक्काम गास.

हाताला अजून चुन्याचा वास येतोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. पानवेलीवर बुरशी धरू नये म्हणून फवारायचं बोर्डो मिश्रण आज मी केलं. मी! इतकी वर्षं ते मामंजीच करायचे, तेही अंदाजाने.

सकाळी म्हणाले, "सूनबाई, शाळेत पोरांना द्रावणं शिकवतेस ना? मग कर." टोमणा होता का? असेल.

शंभर लिटरला किलोभर मोरचूद, म्हणजे शाळेतलं कॉपर सल्फेट, तोलून घेतला. फडक्यात बांधून पाण्यात वरच्यावर लटकवला. तळाशी टाकला असता, तर लवकर विरघळला नसता. चुना वेगळा कालवला आणि मग दोन्ही एकत्र केलं.

मामंजी म्हणाले, "अजून मूठभर मोरचूद टाक. यंदा पाऊस जास्त आहे."

"नको. पानं करपतील."

बोलून तर गेले. अख्खी वाडी माझ्या शब्दावर!

त्यांनी कोयता मिश्रणात बुडवला. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला, पानं जळणार. कोयता वर येईपर्यंत मी श्वास घेतला नसेल. पातं लख्ख! तांब्याचा ठिपकासुद्धा नाही.

मामंजींनी ते उलटसुलट करून पाहिलं, पंच्याने पुसलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकांनी विचारलं, "मोरचूद किती घेतलास रे?"

"मला काय विचारतोस? आमच्या बाईंना विचार."

शाळेत दिवसभर 'बाई' ऐकते. आज मात्र ओ द्यायलाच विसरले.