एकतिसाव्या पानावरचे ठोके

८ नोव्हेंबर १९३४, लोणावळा
लांब इंग्रजी नामांच्या उच्चारांचं पुस्तक गेलं एकदाचं. छापखान्याचा माणूस दारात, दुपारची गाडी गाठायची घाई. शब्दांचे तुकडे पाडून झाले होते; जोर कुठल्या तुकड्यावर, त्या खुणा एकतिसाव्या पानावरच्या बारा शब्दांना राहिल्या होत्या. उच्चारकोश पुण्याला एकाकडे अडकलेला. अंदाजानं केल्या. तीस वर्षं मजकूर वेळेवर दिला — आजही दिला.

२ जानेवारी १९३५
गुलजार आला होता. स्टेशनवर सांधेवाला आहे, गाड्यांचे रूळ बदलतो. गार्डच्या परीक्षेत साहेबापुढे इंग्रजी नियमावली मोठ्यानं वाचायची असते. वय चाळीस, ही शेवटची संधी. माझं एकतिसावं पान त्याला तोंडपाठ! जोर आला की बोटानं हातबत्तीवर ठोका — रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. ठोका ‘स्पॉन्’वर.
“आमची बायको चांदबी म्हणती, परीक्षेआधी काच फोडाल.”
दोघंही हसलो.

१९ जानेवारी
कोश परत आला. बारापैकी नऊ खुणा चूक. मूळ शब्दाचा जोर मी जागचा हलवलाच नव्हता. मागं शेपूट लागलं की तो पुढं सरकतो — रिस्पॉन्सिबलमध्ये ‘स्पॉन्’वर, पण रिस्पॉन्सिबिलिटीत ‘बि’वर.
परीक्षा परवा. स्टेशन घरापासून दहा मिनिटं.

२० जानेवारी
गेलो नाही. ऐनवेळी गोंधळेल, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे पुस्तकावर माझं नाव आहे.

२३ जानेवारी
नापास. स्वतःच सांगायला आला. पुस्तक कोटाच्या खिशात.
“साहेब काही बोलला?”
“हसला थोडा. माझी जीभच जड, आबा. पुस्तकाला कशाला बोल लावू?”
सांगायला तोंड उघडलं मी. “चहा घे,” म्हणालो.

११ मार्च
पुस्तकाच्या सगळ्या प्रती खपल्या. छापखान्याला दुसरी आवृत्ती हवी, शनिवारपर्यंत. नऊ खुणा गुपचूप बदलता येतील. बाजारात गुलजार दिसला. आवृत्तीचं तेवढं सांगितलं, खुणांचं नाही. त्याची कान्हे स्टेशनावर बदली झालीय. काम तेच.

१४ मार्च
चांदबी त्याचं पुस्तक देऊन गेली. “दुसऱ्या छपाईला लागंल म्हनं. आमचं नाव कुटं घालू नका, म्हनत्यात.”
एकतिसावं पान उघडलं. नऊच्या नऊ खुणा निळ्या पेन्सिलीनं सुधारलेल्या. कडेला परीक्षक साहेबाची सही.
तारीख परीक्षेच्याच दिवसाची — २१ जानेवारी.