दोन टाक्यांचा समुद्र आणि अळणी मटण

ती. दाजी,

धाकट्या मेव्हण्याचा, गुडघा धरल्यामुळे जमेल तेवढाच वाकून केलेला नमस्कार. अक्काच्या पायाची सूज उतरली का? तुमचा खोकला भट्टीच्या धुराने पुन्हा उचल तर खात नाही ना? आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी भ्यालोय. (फोनवर सांगितलं असतं, पण अक्का फोन स्पीकरवर ठेवते आणि तुमचे कारागीर पैंजणाला घुंगरू जोडत ऐकत बसतात. पीटीचा मास्तर भ्यालाय हे अख्ख्या हुपरीला कळायला नको.)

तुम्ही माझ्यावर काम सोपवलं होतं, की तुमच्या अनुजाच्या डोक्यातून नॉर्वेचं शिक्षण काढायचं आणि रविवारी कागलची मंडळी येतील तेव्हा तिला साडी नेसवून खाली आणून बसवायचं. मी शब्द दिला. पण ती तिकडं काय शिकणार हे माहीत नसताना नको तरी कसं म्हणायचं, म्हणून आमच्या गच्चीवरच्या तिच्या खोलीत गेलो. तिथंच घात झाला.

खोलीत माशांच्या दोन काचेच्या टाक्या, मासे मात्र नाहीत. एकीत गरम खारं पाणी, दुसरीत थंड, आणि दोन्हींना जोडणाऱ्या दोन नळ्या, एक वरून, एक खालून. हा म्हणे अटलांटिक महासागर. मी हसलो, तर म्हणाली, "मामा, सगळा समुद्र मांडला तर काय कशामुळं हुतंय तेच कळत न्हाय. म्हणून दोनच टाक्या." थंड पाणी जड होऊन खालच्या नळीतून गरम टाकीकडं जातं, गरम पाणी वरच्या नळीतून थंड टाकीकडं येतं, असा फेरा चालू राहतो. निळी शाई सोडून तिनं तो दाखवलाही. मग थंड टाकीवर टांगलेली सलाईनची बाटली दाखवली. तिच्यातून गोडं पाणी ठिबकत होतं, म्हणजे उत्तरेचं वितळणारं बर्फ. गोडं पाणी हलकं. ते वाढलं की फेरा मंदावतो, मंदावला की गरम बाजूचं मीठ थंड टाकीकडं पोचत नाही, म्हणून आणखी मंदावतो, आणि एका टप्प्याला थांबतो. मग बाटली बंद करायची, मी म्हटलं. "केली तरी सुरू हुत न्हाय, मामा. जिथं थांबला तिथनं लई मागं, टाकीतलं गोडं पाणी पार कमी हुईस्तोवर, जावं लागतंय."

दाजी, मी आयुष्यभर सावधाननंतर विश्राम म्हणत आलो. उन्हात चक्कर येऊन पडलेलं पोरही पाणी मारलं की उठतं. थांबलेलं काही पुन्हा उठतच नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. खऱ्या समुद्राचं असं कधी होणार, विचारलं. तर हे मॉडेल तारीख सांगत नाही, असं होऊ शकतं एवढंच सांगतं म्हणे. आणि आपला पाऊस? त्याचे पट्टे सरकतील असं मोठी मॉडेलं म्हणतात. पुराच्या वर्षी पंचगंगेचं पाणी आमच्या जिन्यात आलं होतं, तेव्हा ते कुठवर चढलंय हे दिसत तरी होतं. (तेव्हाही मी भ्यालो होतो, पण गल्लीसमोर छाती पुढं काढून उभा होतो.) जिला तारीख नाही त्या भीतीपुढं छाती काढून उभं तरी कुठं राहायचं? त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही.

रविवारी पाहुणे यायच्या वेळेलाच थंड टाकी गार ठेवायचं अनुजाचं बर्फ संपलं. मला टाक्यांपाशी बसवून, कशाला हात लावू नका म्हणून बजावून ती बर्फ आणायला गेली. मी शाईकडं बघत बसलो. शाई मंदावल्यासारखी वाटली. बाटली बंद करावी म्हणून नळीचं चाक फिरवलं, ते उलटं फिरलं आणि गोडं पाणी भळाभळा सुटलं. शाई थांबली. दाजी, अटलांटिक माझ्या हातून थांबला. मी खाली पळालो, स्वयंपाकघरातला मिठाचा डबा उचलला आणि वर येऊन हाताशी आली त्या टाकीत रिकामा केला. ती गरम टाकी निघाली. बघता बघता खालच्या नळीतली शाई उलट्या दिशेनं चालायला लागली. मी मैदानावर ओरडतो तसा ओरडलो. पाहुणे तेव्हा जिन्यातच होते.

मटणाला मीठ घालायचं राहिलं होतं. मुलाच्या वडिलांनी, सयाजीरावांनी, दोन घास गिळून विचारलं, "पावणं, मीठ हाय का थोडं?" बायकोनं, वर्षाराणीनं, माझ्याकडं बघितलं. समुद्रात आहे, असं माझ्या तोंडून गेलं.

मुलगा राजवीर वर जाऊन बराच वेळ थांबला. बर्फ घेऊन परतलेल्या अनुजाला आधी राग आला होता, पण शाई बघून ती टाकीपाशी वाकली आणि मला म्हणाली, उलटा फेरा तिला गणितात मिळाला होता, डोळ्यांनी आत्ताच बघितला. (म्हणजे हे खरंच होतं. मला आणखी घाम फुटला.) राजवीर खाली आला तो पांढराफटक. बाजूला घेऊन मला म्हणाला, "काका, त्यांना जाऊ द्या तिकडं. कुणीतरी बघाय पायजे की हे."

अक्काला नमस्कार.

तुमचा
धैर्यशील

ता.क. कागलकरांनी नकार दिला असं अक्काला सांगा. त्यांनी दिलेला नाही. तुमच्या नावानं मीच दिला.

पुन्हा ता.क. पाहुणे गेल्यावर अनुजा टाक्या उपसत होती आणि रडत होती. समुद्राला भ्यालीस का, विचारलं. "न्हाय मामा. आबा माझ्याशी बोलायचं बंद झाल्यात, त्याचं भ्या वाटतंय." तिचा व्हिसा आलाय. तुम्ही बोललात तरी ती जाणार आणि नाही बोललात तरी जाणार. पण तिकडं उतरल्यावर पहिला फोन तिनं तुम्हाला करावा असं वाटत असेल, तर आज तुम्ही तिला करा.